कमरेच्या पिस्तुलातली काडतुसं किती दिवसांनी बदलावीत?

अचूकराव:

पिस्तूल कोणतं घ्यावं, होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) कमरेला कुठे लावावं यावर लोक महिनोन्‌महिने बोलतात. मॅगझिनमध्ये (पिस्तुलाच्या मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत) पहिल्या दिवशी भरलेली काडतुसं मात्र तीन-तीन वर्षं तिथेच पडून असतात आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: "फॅक्टरीचा माल आहे, काडतुसाला काय होतंय?" मला हे उत्तर धोक्याचं वाटतं, म्हणून हा धागा.

माझी भूमिका सरळ आहे. स्वसंरक्षणासाठी रोज अंगावर असणाऱ्या पिस्तुलातली सगळी काडतुसं वर्षातून एकदा बदलावीत. चेंबरमधलं (नळीच्या मागच्या टोकाशी उडायला तयार असलेलं), मॅगझिनमधली, जादा मॅगझिन बाळगत असाल तर त्यातलीही. घाम, पाऊस, दमट हवा यांच्याशी रोजची गाठ असेल तर सहा महिन्यांनी. एक तारीख ठरवून टाकावी आणि त्या दिवशी जुनी काडतुसं नेमबाजीच्या रेंजवर जाऊन उडवावीत.

कोरड्या कपाटात, डब्यात बंद ठेवलेलं काडतूस दशकानुदशकं टिकतं हे मला मान्य आहे. दुसऱ्या महायुद्धातली काडतुसं आजही अनेकदा व्यवस्थित उडतात. पण ती डब्यात होती. अंगावरचं काडतूस दिवसभर शरीराच्या उष्णतेत असतं, शर्टाच्या आतला घाम त्याला लागतो, रात्री ते थंड होतं, सकाळी पुन्हा तापतं. कापडाचे बारीक तंतू हॉलो पॉइंटच्या (टोकाला खळगा असलेल्या, लागल्यावर उमलणाऱ्या बुलेटच्या) खळग्यात जाऊन बसतात. साफसफाईच्या वेळचं तेल मॅगझिनमध्ये उतरतं. एकेक कारण घेतलं तर किरकोळ आहे. पण या काडतुसाकडून आपली एकच अपेक्षा असते, चाप ओढला की ते उडालंच पाहिजे. तिथे "बहुतेक उडेल" चालत नाही. मग एका-दोन मॅगझिनपुरत्या काडतुसांचा खर्च वर्षातून एकदा करायला हरकत काय?

विरोधी मतं जरूर द्या, पण कारणासकट.

रेंजमास्तर:

हेतूशी सहमत, नियमाशी अजिबात नाही. अचूकराव, तुम्ही कॅलेंडरकडे बघताय. अंगावरच्या काडतुसाचं सगळ्यात मोठं नुकसान आपलेच हात करतात, आणि तुमच्या नियमात त्याचा उल्लेखच नाही.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाची स्लाइड (वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) सोडली की ती मॅगझिनमधलं वरचं काडतूस पुढे ढकलते. बुलेटचं नाक फीड रॅम्पवर (चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर) आपटतं आणि मग काडतूस चेंबरमध्ये शिरतं. बुलेट केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) धरलेली असते ती पितळाच्या पकडीने आणि तोंडाशी दिलेल्या हलक्या क्रिंपने (आत दाबलेल्या कडेने). इथे जोरदार क्रिंप देता येत नाही, कारण ही काडतुसं चेंबरमध्ये केसच्या तोंडावरच टेकतात. त्यामुळे तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबर केलं की बुलेट थोडी थोडी आत सरकते. याला सेटबॅक म्हणतात. आतली जागा कमी झाली की तेवढीच दारू (बारूद) जास्त दाब तयार करते. सामी ही अमेरिकेतली उत्पादकांची मानक संस्था आहे. तिने ठरवलेली कमाल दाबमर्यादा ९ मिमी आणि .४० एसअँडडब्ल्यू या प्रकारच्या काडतुसांना ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत दाब) आहे, .४५ एसीपीला २१,०००. म्हणजे पहिल्या दोन्हींत दाब मुळातच चढा. त्यातही .४० मध्ये जड बुलेट आणि आत मोकळी जागा कमी, म्हणून सेटबॅकची सगळ्यात जास्त धास्ती तिथे असते.

आता दोन माणसं घ्या. एक जण सकाळी लोड करतो, रात्री अनलोड करतो आणि रोज तेच काडतूस चेंबरमध्ये घालतो. दुसरा लोड केलेलं पिस्तूल होल्स्टरसकट काढतो, लॉकबॉक्समध्ये ठेवतो, सकाळी होल्स्टरसकट लावतो. पहिल्याचं वरचं काडतूस महिन्याभरात भरवशाचं राहत नाही. दुसऱ्याचं वर्ष उलटलं तरी ठणठणीत असू शकतं. तुमचा नियम पहिल्याला वर्षभर खोटा दिलासा देतो आणि दुसऱ्याला उगाच खर्चात पाडतो.

माझा नियम असा: जे काडतूस दोनदा चेंबरमध्ये जाऊन आलं, ते सरावाच्या डब्यात. बाकीची बघून, मोजून, ठीक असतील तर राहू द्यावीत.

अचूकराव:

सेटबॅकचा मुद्दा खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे: दोनदा जाऊन आलं हे लक्षात कोण ठेवणार? सगळी काडतुसं सारखीच दिसतात. पिस्तूल साफ केलं, कुणाला दाखवायला रिकामं केलं, प्रवासात नियम म्हणून रिकामं करावं लागलं, प्रत्येक वेळी एक काडतूस बाहेर येतं आणि परत मॅगझिनमध्ये जातं. सहा महिन्यांनी कोणतं कितीदा आत गेलं हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला दाखवा. तारीख मात्र सगळ्यांच्या लक्षात राहते. नियम पाळला जाण्यासारखा हवा.

रेंजमास्तर:

लक्षात ठेवायची गरजच नाही. बारीक टोकाचा परमनंट मार्कर घ्या. काडतूस चेंबरमधून बाहेर आलं की केसच्या बुडावर, कडेला, एक रेघ. प्रायमरवर (बुडाच्या मधल्या, घाव बसून पेटणाऱ्या टिकलीवर) नाही, त्याच्या बाहेरच्या पितळी कडीवर. दुसरी रेघ पडली की ते मॅगझिनमध्ये परत जात नाही. एवढंच करायचं. आणि हे सहा महिन्यांनी नाही, त्याच क्षणी होतं, म्हणून विसरलं जात नाही.

दुसरं म्हणजे त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं, डब्यातलं न हाताळलेलं काडतूस शेजारी उभं करून बघा. सपाट टेबलावर दोन्ही बुडावर उभी करायची आणि डोळा टेबलाच्या पातळीला आणायचा. बुलेट आत सरकली असेल तर टोकांतला फरक बऱ्याचदा नुसत्या डोळ्यांना दिसतो. कॅलिपर (बारीक लांबी मोजायचं साधन) असेल तर उत्तमच. फक्त पुस्तकातल्या आकड्याशी तुलना करू नका. ९ मिमीची कमाल एकूण लांबी २९.६९ मिमी आहे, पण ती कमाल आहे. फॅक्टरीचे बरेच हॉलो पॉइंट मुळातच त्याहून आखूड असतात. शिवाय एकाच डब्यातल्या काडतुसांतही किंचित फरक असतो. चार-पाच नवी मोजा, म्हणजे तुमच्या मालाची नेहमीची लांबी कळेल. तिच्यापेक्षा स्पष्ट आखूड निघालं की बाद.

निशिगंधा:

रेंजमास्तर, तुमचा दुसरा माणूस, लोड केलेलं पिस्तूल होल्स्टरसकट ठेवणारा, माझ्या घरात चालणार नाही. घरात दोन लहान मुलं आहेत. मी घरी आल्यावर पिस्तूल रिकामं करते, काडतुसं एका पेटीत आणि पिस्तूल दुसऱ्या कुलपात. रात्री झोप लागावी म्हणून हे करते आणि ते मी एका काडतुसाच्या आयुष्यासाठी बदलणार नाही. काही ठिकाणी कायद्यानेच पिस्तूल घरात रिकामं ठेवावं लागतं, हेही विसरू नका. "रिकामं करू नका" हा सल्ला ज्यांना तो पाळता येतो त्यांच्यापुरताच आहे.

तेव्हा माझ्यासारख्यांनी काय करायचं ते सांगा. रोज एक काडतूस टाकून द्यायचं का?

रेंजमास्तर:

निशिगंधाताई, तुमच्यासारख्याच माणसाचं खरं उदाहरण आहे, ते सविस्तर सांगतो.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ग्विनेट काउंटीच्या पोलिसांनी २०११ च्या सप्टेंबरमधल्या एका प्रसंगानंतर आपल्या लोकांसाठी सूचना काढली. ऐन वेळी एका अधिकाऱ्याच्या पिस्तुलातलं चेंबरमधलं काडतूस उडालं नाही. प्रायमरवर फायरिंग पिनचा (घाव घालणाऱ्या सळईचा) पूर्ण ठसा होता, तरी उडालं नाही. प्रशिक्षण चांगलं होतं, त्याने ते काडतूस काढून टाकून पुढचं घेतलं आणि प्रसंग निभावला. तपासात निघालं की प्रायमरमधलं मिश्रण जागेवरून सुटलं होतं. त्याच काडतुसांपैकी आणखी २,००० उत्पादकाकडे पाठवली, ती सगळीच्या सगळी उडाली. म्हणजे मालात खोट नव्हती. या अधिकाऱ्याच्या घरी लहान मुलं होती आणि तो रोज पिस्तूल रिकामं करायचा. कामावर जाताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये घ्यायचा आणि आधी चेंबरमधून निघालेलं मॅगझिनमध्ये परत घालायचा. दोनच काडतुसं आलटूनपालटून आत-बाहेर होत होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये काडतुसं मिळाली, सप्टेंबरमध्ये हा प्रसंग. तेवढ्या काळात शंभरापर्यंत फेऱ्या झाल्या असाव्यात, असा त्यांचा अंदाज होता.

अचूकराव, इथे तारखा बघा. वर्ष पूर्ण झालंच नव्हतं. वार्षिक नियम पाळणाऱ्या माणसालाही हेच झालं असतं.

असं का होतं तेही सांगतो. प्रायमर म्हणजे एक छोटी वाटी, तिच्यात दाबून बसवलेलं स्फोटक मिश्रण आणि त्यासमोर एक धातूची ऐरण. पिनचा घाव बसला की मिश्रण वाटी आणि ऐरणीच्या मध्ये चिरडतं आणि पेटतं. स्लाइडच्या प्रत्येक आपटण्याने या सुक्या मिश्रणाला हादरा बसतो. हादरे खूप झाले की ते तडकतं, सुटं होतं, ऐरणीसमोरून बाजूला होतं. मग घाव पूर्ण बसूनही चिरडायला तिथे काहीच उरत नाही. आणि हे बाहेरून दिसत नाही, कॅलिपरलाही कळत नाही. म्हणून लांबी ठीक आहे एवढ्यावर समाधान मानू नका, रेघा मोजा.

निशिगंधा:

उदाहरण डोळे उघडणारं आहे, त्याबद्दल आभार. पण त्यातून तुम्ही काढता तो निष्कर्ष मी काढत नाही. त्या अधिकाऱ्याने पिस्तूल रिकामं केलं हे बरोबरच केलं. दोनच काडतुसं फिरवली, ते टाळायला हवं होतं. मॅगझिनमध्ये पंधरा काडतुसं असतील आणि रोज निघालेलं काडतूस सगळ्यात खाली गेलं, तर प्रत्येकाची पाळी पंधरा दिवसांनी येते. दोन रेघांच्या तुमच्या नियमानेही महिनाभर निघतो.

रेंजमास्तर:

गणित बरोबर आहे. पण खाली घालायचं म्हणजे रोज पूर्ण मॅगझिन उपसायचं आणि पुन्हा भरायचं. हाताळणी वाढली. बंदूक चुकून सुटण्याचे प्रसंग बघा, त्यातले बरेच लोड-अनलोड करतानाचे असतात: मॅगझिन काढायच्या आधी स्लाइड ओढली, चेंबरमध्ये काडतूस राहून गेलं, आणि मग चाप ओढून खात्री करायला गेले. दिवसातून दोनदा हे करायचं, वर्षानुवर्षं, थकलेल्या हातांनी. माझं मत अजूनही हेच आहे की भिंतीला किंवा जमिनीला पक्का बोल्ट केलेला लॉकबॉक्स, त्यात होल्स्टरमध्ये झाकलेला चाप, हे रोजच्या उपसाउपसीपेक्षा सुरक्षित आहे. जिथे कायदा आडवा येतो तिथे अर्थातच कायदा.

आणि ताई, एक विनंती. काडतूस बाहेर काढताना तळहाताने स्लाइडची खिडकी झाकून ते हातात झेलायची सवय बऱ्याच जणांना असते. तसं करू नका. हाताखाली काडतूस तिरकं अडकतं, त्याचा प्रायमर इजेक्टरच्या (काडतूस बाहेर फेकणाऱ्या भागाच्या) टोकावर येऊ शकतो आणि काडतूस चेंबरबाहेरच, हाताखाली फुटू शकतं. असे अपघात झालेले आहेत. समोर जाड घडीचं कापड अंथरा आणि काडतूस त्यावर पडू द्या.

रसायनी:

इथवर सगळी चर्चा आपटण्याची झाली. उष्णतेचा विषय अचूकरावांनी ओझरता काढला आणि तो तसाच सुटला. तो माझ्या मते मोठा आहे, आणि तिथे कॅलेंडरला अर्थ आहे.

बिनधुराच्या दारूचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. हे रसायन अगदी हळूहळू स्वतःच विघटित होत असतं. त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड विघटन आणखी वाढवतात, म्हणून दारूत डायफिनाइलअमाइनसारखा स्टॅबिलायझर घालतात. तो हे ऑक्साइड पकडून ठेवतो. स्टॅबिलायझर संपत आला की दारू वेगाने बिघडते. रसायनशास्त्रात ढोबळ मानाने म्हणतात की तापमान १० अंशांनी वाढलं की प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. अंगावरचं पिस्तूल ३०-३५ अंशांच्या आसपास असतं, तिथे वर्षभरात दारूला काही होत नाही, दहा वर्षांतही फारसं नाही. पण उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्ड ७० अंशांच्याही वर जाऊ शकतो. पिस्तूल किंवा जादा मॅगझिन उन्हाळाभर गाडीत ठेवणाऱ्याने तो उन्हाळा संपला की ती काडतुसं बदलावीत. चेंबरमध्ये ती एकदाही गेली नसतील तरीही.

पाण्याचंही असंच. पिस्तूल पाण्यात पडलं, पुरात भिजलं, घामाने सतत निथळत राहिलं, तर तारखेची वाट बघू नये. चांगल्या स्वसंरक्षणाच्या काडतुसांना बहुधा निकेलचा मुलामा असतो आणि प्रायमरची सांध लाखेने बंद केलेली असते. त्यामुळे एखाद्या पावसाने ती लगेच मरत नाहीत. पण लाख लागली आहे की नाही हे डोळ्यांनी नेहमी कळत नाही, मग पैज कशाला लावायची?

तेलाची भीती मात्र मला अतिशयोक्त वाटते. हाताला लागलेल्या तेलाच्या बोटाने बंद प्रायमर मरत नाही. आत झिरपणाऱ्या तेलाचा स्प्रे थेट काडतुसांवर मारत राहिलात तर वेगळी गोष्ट. चेंबर आणि मॅगझिनचा आतला भाग कोरडा पुसला की हा विषय संपतो.

सहाघरी:

सगळे सेमी-ऑटोमॅटिक धरूनच बोलताय. रिव्हॉल्वरवाल्यांचं काय? आमच्याकडे फीड रॅम्प नाही, स्लाइड नाही. काडतूस हाताने सिलिंडरच्या (फिरत्या नळकांड्याच्या) घरात बसतं आणि हाताने निघतं. ते कितीही वेळा काढा-घाला, रेंजमास्तरांच्या रेघांना इथे अर्थ नाही. म्हणून माझं मत अचूकरावांच्या बाजूने. रिव्हॉल्वरला तारीखच हवी, नाहीतर ती काडतुसं कधीच बदलली जात नाहीत. खिशातल्या छोट्या रिव्हॉल्वरची तर नक्कीच. सिलिंडरच्या घरांत खिशातला कापूस, धूळ, कागदाचे कण साठतात. उघडून हॉलो पॉइंटच्या तोंडात एकदा टॉर्च मारून बघा, खळगा तंतूंनी गच्च भरलेला दिसेल. असा भरलेला खळगा लागल्यावर नीट उमलेलच असं नाही. पॉलिमरने तोंड भरलेली हॉलो पॉइंट काडतुसं मिळतात, त्यांत हा कचरा जात नाही.

जादा काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात ठेवणाऱ्यांनी तर वर्षाचीही वाट बघू नये. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार पितळाला खातात. महिन्यांनी काढलं तर केसच्या अंगावर हिरवा चिकट थर मिळतो. तो असला की काडतूस घरात पूर्ण बसत नाही किंवा उडाल्यावर केस निघत नाही. पितळ नुसतं काळपट पडलं तर घाबरायचं कारण नाही, हिरवं दिसलं तर ते काडतूस अंगावर ठेवू नये.

रिव्हॉल्वरला सेटबॅक नसला तरी त्याचा उलटा त्रास आहे. हलक्या धातूच्या रिव्हॉल्वरला धक्का जबर बसतो आणि न उडालेल्या काडतुसांतली बुलेट क्रिंपमधून पुढे सरकते. फार पुढे आली तर सिलिंडरच्या बाहेर टोक निघतं आणि सिलिंडर फिरेनासा होतो. तपासणी सोपी आहे. रेंजवर एक सोडून बाकी सगळी उडवा आणि उरलेलं शेवटचं नव्याशी ताडून बघा. ते लांबलं असेल तर तो ब्रँड त्या रिव्हॉल्वरसाठी नाही. हे एकदाच पाहून ठेवायचं असतं, पण पाहायचंच.

हिशेबी:

एक अडचण कुणीच बोललं नाही. अनेक ठिकाणी परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घ्यायची याला मर्यादा असते. मर्यादा पन्नासची असेल आणि दर वर्षी दोन मॅगझिनभर बदलायला लागली, तर अर्ध्याहून अधिक कोटा बदलण्यातच जातो. सरावाला काय उरतं? ज्याने वर्षात पुरेसा सराव केला नाही, त्याच्या पिस्तुलातलं काडतूस अगदी ताजं असून काय उपयोग? काडतुसापेक्षा माणूस आधी दगा देतो. म्हणून मी म्हणेन की चेंबरमध्ये फिरणारं काडतूस तेवढं बदला, बाकीची नजरेखालून घाला आणि कोटा सरावावर खर्च करा.

अचूकराव:

हिशेबी, जुनी काडतुसं उडवणं हाच तर सराव आहे. ती फेकायला मी कुठे सांगतोय? वर्षभर अंगावर असलेली काडतुसं, त्याच मॅगझिनमधून, त्याच पिस्तुलातून उडवली की दोन गोष्टींची परीक्षा होते. तुम्ही बाळगता तो हॉलो पॉइंट तुमच्या पिस्तुलात अडकत नाही ना, आणि वर्षभर घाम-धूळ खाल्लेली काडतुसं खरंच उडतात ना. सरावाची स्वस्त गोल नाकाची काडतुसं उडवून यातलं काहीच कळत नाही. फीड रॅम्पवर गोल नाक सुरळीत चढतं, हॉलो पॉइंटचं रुंद तोंड काही पिस्तुलांत अडतं. वर्षातून एकदा पूर्ण मॅगझिन बाळगायच्या काडतुसांचंच उडवलं पाहिजे, कोटा कितीही असो.

हिशेबी:

परीक्षा पहिल्यांदा एकदा घ्यावी, हे मान्य. दर वर्षी पूर्ण मॅगझिन, हे मान्य नाही. एकदा ते पिस्तूल आणि ते काडतूस जमतं असं कळल्यावर पुढच्या वर्षी नव्याने सिद्ध करायचं काय उरतं? त्यापेक्षा तेवढी काडतुसं वर्षभर थोडी थोडी वापरली तर होल्स्टरमधून काढणं, पहिली गोळी, अडथळा दूर करणं हे हातात बसतं. मर्यादित कोट्यात हे दोन्ही होत नाही, एकच निवडावं लागतं, आणि मी सराव निवडेन.

अचूकराव:

पहिल्या वर्षीची परीक्षा पहिल्या वर्षीच्या स्प्रिंगची असते. पिस्तूल वापरलं जातं, मॅगझिनची स्प्रिंग भरण्या-रिकामं करण्याने झिजते, एक्स्ट्रॅक्टरची (केस चेंबरमधून ओढून काढणाऱ्या आकड्याची) धार जाते. आज अडत नाही ते तीन वर्षांनी अडू शकतं. कोटा कमी असलेल्याने एक मॅगझिन बदलावं, दुसरं पुढच्या वर्षी. पण "एकदा जमलं म्हणजे कायम जमलं" हे मी मानणार नाही.

रसायनी:

दोघांच्या वादात एक गोष्ट निसटतेय. "जुनी सगळी उडवा" यात सेटबॅक झालेली काडतुसं येता कामा नयेत. बुलेट आत सरकलेली दिसली, केसला खोल चेप असली, हिरवा थर खोलवर गेला असला, तर ते काडतूस सरावालाही वापरू नये. वाढलेला दाब रेंजवरही तेवढाच असतो. अशी काडतुसं वेगळ्या डब्यात, "बाद" असं लिहून ठेवावीत आणि रेंज, परवानाधारक विक्रेता किंवा पोलीस, जिथे स्वीकारतात तिथे द्यावीत. कचऱ्यात नाही.

अचूकराव:

बरोबर आहे, आणि नियम तसाच वाचावा: बदललेल्यांतली धडधाकट तेवढी रेंजवर, बाकीची बाद.

नवानेम:

सगळं वाचलं, फार उपयोग झाला. एक शंका. सेटबॅक फीड रॅम्पमुळे होतो, तर मग काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकून त्यावर स्लाइड सोडली तर? नाक आपटणारच नाही. मग तेच काडतूस कितीही दिवस चालेल का? आणि रेंजवर जुनं काडतूस उडालं नाही तर नेमकं काय करायचं?

रेंजमास्तर:

पहिल्याचं उत्तर: करू नका. बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांत काडतूस मॅगझिनमधून वर येताना त्याची कड एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकते. तुम्ही ते आधीच चेंबरमध्ये टाकलं तर स्लाइड आदळताना आकड्याला कडेवरून उडी मारावी लागते. १९११ या जुन्या मॉडेलच्या पद्धतीच्या पिस्तुलांत यामुळे आकडा मोडण्याची किंवा त्याचा ताण बिघडण्याची शक्यता जास्त असते. काही पिस्तुलं हे सहन करतात, पण त्यासाठी आपल्या पिस्तुलाची पुस्तिका बघावी लागेल. आणि प्रायमरला बसणारा हादरा तर तसाही टळत नाही. काडतूस वाचवायला जाऊन एक्स्ट्रॅक्टर घालवाल.

दुसऱ्याचं उत्तर: नुसती टिक ऐकू आली तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून ठेवा, ३० सेकंद. कधीकधी काडतूस उशिरा पेटतं. मग मॅगझिन काढा, स्लाइड ओढून काडतूस बाहेर पडू द्या आणि प्रायमर बघा. ठसा उथळ असेल तर दोष फायरिंग पिन, स्प्रिंग किंवा साचलेल्या घाणीत असू शकतो, काडतुसाला बोल लावू नका. ठसा खोल, नेहमीसारखा असेल तर काडतूस गेलं. तेच पुन्हा चेंबर करून "बघू उडतंय का" हे नको. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, धक्का कमी जाणवला, तर तिथेच थांबा. पिस्तूल पूर्ण रिकामं करून नळी आरपार मोकळी आहे का ते बघितल्याशिवाय पुढची गोळी नाही. बुलेट नळीत अडकलेली असू शकते.

मात्र प्रसंगात तुम्हाला ३० सेकंद मिळत नाहीत. तिथे मॅगझिनला खालून थाप, स्लाइड मागे ओढून सोडायची आणि पुढे. ग्विनेटच्या त्या अधिकाऱ्याला न उडालेलं काडतूस काढून टाकायच्या सवयीनेच वाचवलं. हे डमी (बिनदारूची, न उडणारी) काडतुसं घालून सरावता येतं, कोट्यातलं एकही खर्च न करता. हिशेबी, हे तुमच्यासाठीही.

हिशेबी:

डमीचा मुद्दा पटला. तरीही खरी गोळी उडाल्याशिवाय धक्क्याची सवय होत नाही, म्हणून कोट्याबद्दलचं माझं मत कायम आहे.

निशिगंधा:

मी माझ्यापुरतं ठरवलंय, इतर आयांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते. पिस्तूल रोज रिकामं करणं मी थांबवणार नाही. मॅगझिन रोज उपसणंही करणार नाही, त्यात रेंजमास्तरांचं म्हणणं पटतं. चेंबरमधून निघालेलं काडतूस, रेघ मारून, मॅगझिनमध्ये परत न जाता एका छोट्या डबीत जाईल. सकाळी चेंबरमध्ये मॅगझिनमधलं पुढचं जाईल. मॅगझिन तळाला लागायच्या आत, आठवड्यातून एकदा, शांतपणे, मुलं शाळेत असताना, डबीतली एक रेघवाली तपासून सगळ्यात खाली भरायची आणि दोन रेघांची सरावाच्या डब्यात टाकायची. म्हणजे पूर्ण उपसणं आठवड्यातून एकदाच, आणि घाईत कधीच नाही. आठवडा संपता संपता मॅगझिनमध्ये सहा-सात काडतुसं कमी असतील, ते मला चालेल. काडतूस हातात न झेलता कापडावर पाडायचं, हे आजपासूनच.

लॉकबॉक्सबद्दल रेंजमास्तर माझं मत बदलू शकले नाहीत. मुलं मोठी होतात तशी त्यांना कुलूप उघडताही येऊ लागतं, आणि तेव्हा आत मिळणारं पिस्तूल रिकामं असावं, एवढंच मला हवंय.